आठशेने भागा, अर्धा तास मिळवा

पाहुणा दारात चपला काढत असतानाच त्याला दोन गोष्टी विचारायची आपल्याकडे रीत आहे. पाणी देऊ का, आणि किती तास लागले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी पाणी येतंच. दुसऱ्याचं काहीही आलं तरी "अरे वा, लवकर आलात की!" एवढंच म्हणायचं असतं. त्यामुळे पाहुण्यालाही चेव येतो. दादरहून कोथरूडला यायला चार तास लागलेला माणूस तीन सांगतो, तीनवाला अडीच सांगतो, आणि प्रत्येक घरात असा एक मेहुणा असतोच, जो लोणावळ्याला चहा पिऊन, चिक्की घेऊन, वर टायरमध्ये हवा भरून दोन तासांत आलेला असतो. यात फसवणूक कुणाचीच होत नाही. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्याला माहीत असतं. शिष्टाचार आहे तो.

आमच्या शेजाऱ्यांकडे हा शिष्टाचार असाच रंगात आला होता, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "सरासरी किती पडली?"

हे नानाजी. मूळचे नागपूरचे, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त, आणि मुलाच्या नोकरीपायी पुण्यात येऊन पडलेले. "येऊन पडलेले" हा त्यांचाच शब्द. "किती वेळ लागतो?" हा प्रश्न विचारल्यावर जो खरोखर किती वेळ लागतो ते सांगतो, अशी एक जमात असते. नानाजी त्या जमातीचे मुकादम आहेत.

त्या दिवशी त्यांनी जवळची एक लग्नपत्रिका उलटी केली (हिशेबाला त्यांना पत्रिकेचीच मागची बाजू लागते, "कागद जाड राहते") आणि मेहुण्याला समोर बसवलं. दादर ते कोथरूड दीडशे किलोमीटर धरू. दोन तासांतून चहाची वीस आणि चिक्कीची पाच मिनिटं वजा. उरली पंच्याण्णव. म्हणजे दीडशे किलोमीटर पंच्याण्णव मिनिटांत, सरासरी ताशी ९५. आता द्रुतगती मार्ग आहे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, त्यावर मर्यादा शंभरची, घाटात त्याहून कमी. "म्हणजे तुम्ही सायनलाही ९५नं होते, वाशीच्या पुलावरही ९५नं होते आणि चांदणी चौकातही ९५नंच होते. मला फक्त एवढं सांगा, गाडी कोणती म्हणायची? घेऊन टाकू आपणही एक."

मेहुणा पुढच्या वेळी आला तेव्हा त्याने दारातच सांगितलं, "साडेतीन तास. टायरची हवा धरून."

आता कुणी म्हणेल, हे काम फोन करतो. नानाजींचं फोनशी पटत नाही. फोन रस्ता सांगतो, अंतर सांगत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे, आणि तो समजून घ्यायला त्यांच्या मूळ सिद्धान्ताकडे जावं लागतं. सिद्धान्त असा, की दोन शहरांमधलं अंतर असं काही नसतंच. अंतर दोन दगडांमधलं असतं. "पुणे म्हणजे पुण्याचं कुठलं?" असं ते विचारतात तेव्हा नवखा माणूस घाबरून आपला पत्ता सांगू लागतो. पण नानाजींना जीपीओसमोरचा शून्य मैलाचा दगड अभिप्रेत असतो. मुंबईचे जुने मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजलेले होते, हे सांगून ते चर्चगेटला राहणाऱ्यांना एक प्रकारचा मान देतात. आणि नागपूरचा विषय निघाला, की खुर्चीत पाय वर घेऊन बसतात.

नागपूरचा झिरो माइल हा त्यांच्या मते पृथ्वीवरचा एकमेव प्रामाणिक दगड. १९०७ सालचा, सर्वेक्षणवाल्यांचा. वाळूच्या दगडाचा खांब, बाजूला चार घोडे. तो भारताचा मध्यबिंदू आहे असं बहुतेक नागपूरकर छातीठोकपणे सांगतात. नानाजी मात्र "तसं काही सिद्ध नाही जी" म्हणून स्वतःच्याच गावकऱ्यांचे डोळे वटारून घेतात. इथपर्यंत ते निःपक्षपाती असतात. मग त्या दगडावर कोरलेली गावं म्हणून दाखवतात: कवर्धा, हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. म्हणून झाल्यावर थोडं थांबतात आणि कोथरूडकरांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत म्हणतात, "पुणं नाही त्यावर."

आमच्या इमारतीतले एक निवृत्त प्राध्यापक यावर म्हणाले होते, "दगड इंग्रजांनी लावला. पुण्याचा रस्ता दाखवायची त्यांना धास्ती असणार." सामना बरोबरीत सुटला.

हा आजार त्यांना वडिलांकडून आला. वडील टपाल खात्यात. १९४९ सालापासून आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा होती आणि तिचा केंद्रबिंदू होता नागपूर. संध्याकाळी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, आपापल्या थैल्या आणि प्रवासी एकमेकांना देत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. सत्तरीच्या दशकापर्यंत हे चाललं. म्हणजे मद्रासच्या माणसाने दिल्लीच्या माणसाला लिहिलेलं पत्र नागपूरकर झोपलेले असताना नागपुरातून जाई. नानाजींचे वडील त्या पत्रांच्या थैल्या लावायला रात्रपाळीला असत, आणि लहानगे नानाजी अंगणात खाटेवर पडून आवाजावरून ओळखत, आता मुंबईचं आलं, आता कलकत्त्याचं. शाळेत इतर मुलं पाढे म्हणत तेव्हा हे चारही शहरांच्या उड्डाणाच्या वेळा म्हणत. डाकोटाच्या वेगाने. गणिताच्या मास्तरांनी त्यांना एकदा "सतरा साते?" विचारलं, तर म्हणाले, "कोणत्या दिशेनं?" ही गोष्ट त्यांनीच सांगितलेली असल्याने तेवढी मी मानत नाही.

त्यांचं सूत्र मात्र मला मान्य आहे. दोन शहरांमधलं हवाई अंतर घ्या, किलोमीटरमध्ये. आठशेने भागा. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. झालं. पुणे-नागपूर हवेतून सहाशेच्या थोडं वर. पाऊण तास अधिक अर्धा, सव्वा तास. मुंबई-दिल्ली साडेअकराशेच्या आसपास, म्हणजे दोन तासांना काही मिनिटं कमी. मुंबई-लंडन सात हजार दोनशे, साडेनऊ तास. रस्त्याने पुणे-नागपूर सातशेच्या पुढे जातं, आणि रेल्वे तर दौंड, मनमाड, भुसावळ अशा सगळ्या नातेवाइकांना भेटत जवळजवळ नऊशे किलोमीटर करते. "एकाच दोन गावांत तीन अंतरं. आणि लोक विचारतात, पुणे-नागपूर किती!"

सूत्र इतकं सोपं असल्याने कुणीतरी विचारतोच, "पण नानाजी, तिकिटावर मुंबई-दिल्ली सव्वादोन तास लिहिलेलं असतं." या प्रश्नाची ते वाटच पाहत असतात. तिकिटावरची वेळ ही उडण्याची नसते. ती चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा चाकाखाली ठोकळे लावेपर्यंतची असते. मध्ये धावपट्टीपर्यंतचं सरपटणं येतं, रांग येते, आणि मुंबईच्या आकाशात जागा मिळेपर्यंत घातलेल्या घिरट्या येतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असून दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. हे सांगताना बांधकाम खात्यातला माणूस बोलत असतो: "चौरस्ता केला जी त्यांनी. विमानतळावर चौरस्ता!" शिवाय कंपन्या वर थोडा वेळ राखीव टाकतात. मग विमान रोजच्याइतक्याच वेळात पोचलं तरी वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचतं, तशी घोषणा होते आणि प्रवासी खूश होतात. नानाजी एकदा अशाच घोषणेनंतर शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "ही आपलीच दहा मिनिटं परत देऊन राहिले." गृहस्थांनी टाळ्या वाजवायच्या थांबवल्या आणि उतरेपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

माणसांना लांबचा प्रवास छोटा करून सांगायला फार आवडतो, आणि घड्याळं त्यात त्यांना सामील असतात. चौथ्या मजल्यावरचं जोडपं हिवाळ्यात लंडनला जाऊन आलं. "रात्री दोनला मुंबईहून बसलो आणि सकाळी साडेसहाला लंडन! साडेचार तासांत. कळलंसुद्धा नाही." नानाजींनी दोघांकडे करुणेने पाहिलं. साडेपाच तास घड्याळाने खाल्ले होते, ते त्यांनी परत दिले. दहा तास झाले. "आणि येताना?" येताना दुपारी निघालेले दुसऱ्या दिवशी पहाटे पोचले होते, म्हणजे त्या मानाने चौदा तासांवर. त्यातून साडेपाच काढले, नऊच्या घरात आले. जाताना दहा आणि येताना नऊ, कारण वर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा मोठा झोत वाहतो. जाणाऱ्याला तो समोरून येतो आणि येणाऱ्याला मागून ढकलतो. हिवाळ्यात दिल्लीहून कोलकात्याला लवकर पोचतं आणि परत यायला वेळ लागतो, तोही त्याचाच परिणाम. नवरा म्हणाला, "आम्हाला वाटलं, घरी यायची ओढ म्हणून लवकर वाटलं." बायको काही बोलली नाही. तिला तसं वाटलेलं नसावं.

या विषयातला त्यांचा सर्वोच्च प्रयोग मात्र संत्र्याचा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. आजी पहिल्यांदाच एकट्या निघाल्या होत्या, दिल्लीहून थेट. त्यांनी नातवाच्या नकाशात पाहिलं आणि घाबरून नानाजींकडे आल्या, कारण नकाशात विमानाची रेघ वर उत्तर ध्रुवाकडे वाकलेली होती. "सरळ सोडून असं वाकडं कशाला नेतात हो?"

"विमान सरळच जाते, आजी. नकाशा वाकडा आहे," असं म्हणून नानाजींनी संत्रं मागवलं. आलेल्या फळाकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर नागपूर दाटून आलं. "हे संत्रं नाही, पण पृथ्वी म्हणून चालते." पेनाने दिल्लीचा ठिपका, पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा. मध्ये शिलाईचा दोरा ताणून धरला. दोरा खरंच देठाजवळून गेला. आजींना पटलं. इथे थांबायला हवं होतं. पण ज्याला माहिती असते त्याला थांबता येत नाही, आणि नानाजींनी २०१६ सालची गोष्ट काढली. त्या वर्षी एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून पंधरा हजार तीनशे किलोमीटर झालं आणि वेळ कमी झाला, कारण आता वारा पाठीशी होता. परत येतानाही पूर्वेकडेच. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा.

आजींनी संत्र्याकडे पाहिलं, मग नानाजींकडे. "म्हणजे अमेरिका आपल्या पूर्वेला आहे की पश्चिमेला?"

"दोन्हीकडे आहे. विमानाला जसं परवडते तसं."

"अहो, मी रोज रात्री गॅलरीत पश्चिमेकडे तोंड करून त्याला शुभ रात्री म्हणते!"

"पूर्वेकडे तोंड करून शुभ सकाळ म्हणत जा," नानाजी म्हणाले. "हिशेब तोच येते." आणि त्यांनी पृथ्वी सोलून सगळ्यांना एक-एक फोड दिली. पॅसिफिक आंबट निघाला.

त्यांच्या वहीत आधी दोनच रकाने होते, अंतर आणि वारा. २०१९ साली पाकिस्तानने काही महिने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा तिसरा आखला: राजकारण. एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा बंद झालं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला, तेव्हा तो रकाना भरून गेला. दगड तिथेच आहेत, पृथ्वी तेवढीच आहे आणि लंडन लांब गेलं. ही गोष्ट सांगताना नानाजींचा आवाज पहिल्यांदाच थोडा दुखावलेला वाटला.

काकूंचं म्हणजे नानाजींच्या पत्नीचं मोजमाप वेगळं आहे. त्या प्रवास दशम्यांत मोजतात. रेल्वेने नागपूर बारा दशम्या. विमानाने नागपूर किती, असं मी विचारलं. "बाराच," त्या म्हणाल्या. "विमानात सात, आणि पाच हे विमानतळावर घोषणा ऐकत बसतात तेव्हा." हा आकडा नानाजींना खोडून काढता आलेला नाही.

अशा माणसाला लग्नाच्या बोलणीला न्यावं का? आम्ही नेलं. इमारतीतल्या एका मुलीला नागपूरचं, धरमपेठेतलं स्थळ आलं होतं. मुलीची आई "फार लांब" या एका मुद्द्यावर अडून बसली होती. मध्यस्थ पुन्हा पुन्हा सांगत होते, "लांब कसलं वहिनी? विमानानं सव्वा तास. स्वारगेटहून हडपसरला एवढाच वेळ लागतो." नानाजी नागपूरचे, तेव्हा ते दुजोरा देतील या हिशेबाने त्यांना मुद्दाम बोलावलेलं. मध्यस्थांनी त्यांच्याकडे वळून विचारलंही, "काय नानाजी, सव्वा तास ना?"

आपलं गाव, आपल्या गावचं स्थळ, समोर पोहे. एवढं सगळं असूनही नानाजींच्यातला अंकेक्षक हलला नाही. पत्रिका नव्हती (तिचंच तर चाललं होतं), म्हणून रुमालावर बोट फिरवत त्यांनी मांडणी केली. कोथरूड ते लोहगाव संध्याकाळी सव्वा तास. उड्डाणाआधी दोन तास हजर. विमान एक तास वीस मिनिटं. सामान वीस मिनिटं. सोनेगाव ते धरमपेठ पंचवीस. "पाच तास वीस मिनिटं. आणि हे सगळं वेळेवर झालं तर." मध्यस्थांचा घास घशात अडकला. नानाजींनी वर खुलासाही केला, "यातले सव्वातीन तास पुण्यातच जाते. नागपूर लांब नाही जी. पुण्यातून निघणं लांब आहे."

खोलीत शांतता पसरली. मुलीची आई "बघा, मी म्हणत नव्हते" असं म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली मुलगी म्हणाली, "पाच तास वीस मिनिटं? म्हणजे आई दर शनिवारी येणार नाही. मला चालेल."

लग्न ठरलं. मध्यस्थ हे श्रेय अजून स्वतःकडे घेतात.

नानाजी मात्र त्या लग्नाला समृद्धी महामार्गाने गेले. पुण्याहून मुद्दाम वर शिर्डीला जाऊन तो पकडला, कारण जून २०२५ मध्ये सातशे एक किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला होता आणि तो त्यांना तपासायचा होता. आल्यावर त्यांची तक्रार रस्त्याबद्दल नव्हती, नावाबद्दल होती. "नागपूर-मुंबई म्हणतात. तिकडे शिवमडक्याला सुरू होते आणि इकडे आमण्याला संपते. आमणे भिवंडीजवळ. भिवंडी मुंबई कधी झाली?" त्यांच्याबरोबर गाडीत बसलेल्या दोघा तरुणांनी परतीची तिकिटं रेल्वेची काढली, तीही वेगवेगळ्या डब्यांची.

आणि आता या माणसाला नवं काम मिळालं आहे. परवा माझा पनवेलचा भाचा आला होता, बायकोला घेऊन. सहज बोलता बोलता म्हणाला, "गोव्याला चाललोय. विमानानं मुंबई-गोवा साधारण किती लागतं हो?" मी त्याला डोळ्याने खुणावत होतो, पण उशीर झाला होता. नानाजींनी चहाचा कप खाली ठेवला होता.

"कुठली मुंबई?"

भाचा गोंधळला. नानाजींचं म्हणणं बरोबर होतं. गोव्याला पूर्वी एकटं दाबोळी होतं. २०२३ च्या जानेवारीपासून मोपा आलं. मुंबईला एकच होतं. २०२५ च्या नाताळात नवी मुंबईचं सुरू झालं. म्हणजे एका प्रश्नाची आता चार उत्तरं आहेत, आणि नानाजींच्या आवाजात चारही मुलांची लग्नं जमल्याचा आनंद होता. "आणि गोव्यात उतरून जाऊन कुठं राहिले?"

"पाळोळ्याला."

"तिकीट कुठलं काढलं?"

"मोपा. स्वस्त होतं."

नानाजींनी डोळे मिटले. मोपा गोव्याच्या पार उत्तरेच्या टोकाला, पेडण्यात. पाळोळे पार दक्षिणेला, काणकोणात. "म्हणजे विमानात सव्वा तास आणि टॅक्सीत त्याच्या दुप्पट. अख्खा गोवा पाहून होऊन जाईल, हॉटेलात पोचायच्या आधीच." भाच्याच्या बायकोने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं अंतर मोजायला कुठल्याच दगडापासून सुरुवात करता आली नसती.

"मग आम्ही रेल्वेनंच जातो," भाचा घाईघाईने म्हणाला. "पनवेलहून बसायचं, थेट काणकोणला उतरायचं. सोपं."

"कोणत्या तारखेला निघून राहिले?"

"वीस जून."

"वीस जूनला कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं राहते," नानाजी म्हणाले, आणि फ्रीजवर लावलेली माझ्याच पुतण्याच्या मुंजीची पत्रिका त्यांनी हात लांब करून ओढून घेतली. "बसा आरामात. चहा टाका अजून एक."